आटपाट नगरातला काळोख: डार्क परीकथेच्या पिक्चरला ऑर्केस्ट्रा स्कोअर कसा लिहायचा

नाशकात कुणाला सांगितलं की मी ऑर्केस्ट्रासाठी लिहितो, तर पुढचा प्रश्न ठरलेला असतो: कुठल्या मंडळाचा, आणि गणपतीत तारखा मोकळ्या आहेत का. चूक त्यांचीही नाही म्हणा, मी स्वतः आठ वर्षं त्याच ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवलाय, हळदीत, वाढदिवसात, आमदारांच्या सत्कारात, सगळीकडे. पण हा लेख त्या दुसऱ्या ऑर्केस्ट्राबद्दल आहे, व्हायोलिन, चेलो, बासरी, हॉर्नवाल्या, आणि तोही एका ठरावीक कामासाठी: पिक्चर परीकथेचा आहे पण परीकथा गोड नाहीये, तर बॅकग्राउंड म्युझिक नेमकं कुठून सुरू करायचं आणि कुठपर्यंत न्यायचं.

उदाहरण म्हणून मी केलेलीच एक फिल्म घेतो. मित्राची, २६ मिनिटांची. जुन्या नाशकातल्या वाड्यात नऊ वर्षांची मुलगी राहते, तिच्या लहान भावाला आडातल्या आसरा, म्हणजे जलदेवता, घेऊन जातात, आणि ती त्याला आणायला आडात उतरते तर खाली पाणी नाही, जंगल आहे. वाडा भद्रकालीच्या बाजूला मिळाला, जंगल त्र्यंबककडे पावसाळ्यात शूट केलं, आणि म्युझिक झालं गंगापूर रोडवरच्या माझ्या बेडरूममध्ये, जिथे भिंतीला गोधड्या टांगल्यात.

पायरी १: आधी मूकपट बघा

१९१३ साली राजा हरिश्चंद्र काढणारे दादासाहेब फाळके आपल्या त्र्यंबकचे, तेव्हा मूकपट बघायला नाशिककरांनी तरी लाजू नये. रफ कट आला की एकदा आवाज पूर्ण बंद करून बघायचा, कीबोर्डला हात न लावता, फक्त वही घेऊन. जिथे म्युझिक नसताना पण पोटात गोळा येतो तिथे फुली मारा, त्या जागी तुम्ही लिहायचं नाहीये किंवा अगदी कमी लिहायचंय. बहुतेक नवी मुलं उलटं करतात, सगळ्यात भीतीदायक सीन आधी उघडतात आणि त्यावर अजून भीती थापतात, मग ते बर्फीवर साखर भुरभुरल्यासारखं होतं.

दुसरी गोष्ट टेम्प ट्रॅकची. एडिटरने तात्पुरतं दुसऱ्याच कुठल्या पिक्चरचं म्युझिक लावलेलं असतं आणि डायरेक्टर तीन महिने तेच ऐकून त्याच्या प्रेमात पडलेला असतो. पहिल्यांदा बघताना ते बंदच ठेवायला सांगा. नंतर ऐका, पण मित्राला एवढंच विचारा की यातलं तुला काय आवडतं रे, लय आवडते, का वाद्यं कमी आहेत ते आवडतं, का ते उशिरा सुरू होतं ते आवडतं? आमच्या केसमध्ये त्याला फक्त उशिरा सुरू होणं आवडलेलं होतं, आणि मी उगाच दोन दिवस त्यातल्या कोरसची कॉपी करत बसलो होतो.

मग स्पॉटिंग, म्हणजे डायरेक्टरसोबत बसून कुठे म्युझिक सुरू, कुठे बंद, हे टाइमकोड लिहून ठरवायचं. क्यू म्हणजे म्युझिकचा एक तुकडा, त्याला नंबर द्यायची जुनी पद्धत अजून चालते, १एम३ म्हणजे पहिल्या रीलमधला तिसरा म्युझिक क्यू. प्रत्येक क्यूपुढे एकच वाक्य लिहा, ते पण भावनेचं नाही, बाजूचं: हे म्युझिक मुलीच्या बाजूने आहे का आडाच्या बाजूने? एवढं ठरलं की अर्धी वाद्यं आपोआप ठरतात. मुलगी आडात वाकून बघते तो सीन आम्ही आधी मुलीच्या बाजूने केला तर नुसता हॉरर झाला. मग आडाच्या बाजूने केला, आडाला ती आवडलीये असं धरून, खालून प्रेमाने बोलावणारं, आणि एकदम अंगावर काटा आला. परीकथेतलं वाईट नेहमी आधी खाऊ देतं, लहानपणी ऐकलेल्या कुठल्याही गोष्टीत बघा.

क्यू सुरू करताना तो लपवून सुरू करायचा. आमच्याकडे आडावर रहाट होता, तो कुरकुरत फिरतो. साउंडवाल्याकडून तो आवाज आधीच मागून घेतला, त्याची पट्टी बघितली, साधारण ए च्या आसपास होती, आणि चेलोचा ट्रेमोलो (गज भराभर थरथरवून) त्याच ए वर त्या कुरकुरीच्या पोटात सुरू केला. रहाट थांबतो तरी कुरकुर चालूच राहते, आणि प्रेक्षकाला दोन-तीन सेकंदांनी कळतं की हे आता रहाटाचं नाहीये.

पिक्चर लॉक झाल्याशिवाय, म्हणजे एडिट पक्का झाल्याशिवाय, बारीक काम सुरू करू नका. लॉक झालं असं सांगूनही नंतर कट हलतोच, पण निदान भांडायला कागद हातात असतो.

पायरी २: भीती नको, अंगाई लिहा

मला विचाराल तर अख्ख्या कामात हीच पायरी खरी, बाकी सगळी मेहनत आहे. डार्क परीकथेला भीतीची थीम लागत नाही. तिला एक साधी, गोड, लहान मुलाला पाठ होईल अशी चाल लागते, आणि मग ती चाल पूर्ण पिक्चरभर हळूहळू बिघडवायची असते. आधी काही चांगलं असल्याशिवाय बिघडणार काय?

चाल कशी असावी, तर पाच-सहा स्वरांच्या पलीकडे जाऊ नये, वाद्याशिवाय गुणगुणता यावी. मी आठ बारची (बार म्हणजे तालाचं एक आवर्तन) नीट चौकोनी थीम केली होती आणि ती मलाच बिस्किटाच्या जाहिरातीसारखी वाटत होती. मग आजीकडे गेलो, म्हटलं जात्यावरची एखादी ओवी म्हण. आता ओवी साडेतीन चरणांची असते हे शाळेत वाचलेलं, पण कानाने ते कधी मोजलं नव्हतं. तीन चरण पूर्ण येतात आणि चौथा अर्ध्यावर उतरतो. मी त्याच मापाने चाल केली, तीन मात्रांचा पाळण्यासारखा झोका, प्रत्येक चरण दोन बारचा आणि शेवटचा एकाच बारचा, एकूण सात बार:

सा रे ग, रे सा –
रे ग प, ग रे –
सा रे ग, रे सा –
रे ग रे

ग कोमल, सा पांढरी दोन म्हणजे डी. बस्स, एवढीच. शेवट रे वर लटकलेला, घरी येतच नाही. आजीला ऐकवली आणि म्हटलं अर्धवट वाटते ना, तर म्हणाली वाटू दे की, पोर झोपलं की थांबायचंच असतं. ते ऐकल्यावर मी आठवा बार परत जोडायचा विचार सोडून दिला. आमच्या गोष्टीत तर पोर झोपलेलं नाही, गेलेलं आहे.

आता या चालीची रूपं करून ठेवा, सीन न बघता, एका कागदावर. एक, आहे तशी, मुलीच्या आवाजात शब्दांशिवाय. दोन, निम्म्या वेगाने, सगळ्यात खालच्या वाद्यात, ओळखू येणार नाही पण ओळखीची वाटेल. तीन, उलटी, म्हणजे जिथे वर जाते तिथे तेवढीच खाली: सा रे कोमल ग च्या जागी सा, कोमल नि, शुद्ध ध. चार, फक्त झोका, स्वर काढून टाकलेले. पाच, पहिले तीन स्वरच, परत परत, पुढे जातच नाही अशी. अशी सहा-सात रूपं हाताशी असली की २६ मिनिटांच्या पिक्चरला नवीन काही लागत नाही, आणि क्यू एकमेकांचे भाऊबंद वाटतात.

पायरी ३: स्वर तेच ठेवा, जमीन हलवा

इथे आपल्याला एक फायदा आहे आणि एक गोची. फायदा हा की पाश्चात्त्य मोड, म्हणजे तिकडचे थाटच, आपल्याला थाटांमुळे अर्धे येतातच: लिडियन म्हणजे कल्याणाचे स्वर, फ्रिजियन म्हणजे भैरवीचे, डोरियन म्हणजे काफीचे. गोची ही की इंग्रजी ट्यूटोरियलमध्ये सांगतात फ्रिजियन वापरा, भयाण वाटेल. आपल्या माणसाला त्या स्वरांत मैफल संपल्यासारखं वाटतं, आता चहा येणार असं. तसंच भैरवाचे स्वर, तिकडे ते गूढ आणि पौर्वात्य वगैरे, इकडे सकाळी सहाचा रेडिओ आणि काकड आरती. मराठी प्रेक्षकासाठी लिहिताय तर हे आधी कानाने तपासा. तोडीचे स्वर, कोमल रे, कोमल ग, तीव्र म, कोमल ध, हे मात्र दोन्हीकडे काम करतात, विशेषतः मींड न घेता सरळ थंड वाजवले तर.

पण खरा काळोख थाटापेक्षा कॉर्डच्या उडीत असतो. तीन उड्या सांगतो, कीबोर्डवर लगेच वाजवून बघा.

पहिली, डी मायनरवरून बी फ्लॅट मायनर. दोन्हीत एफ आहे, म्हणजे आपल्या चालीतला कोमल ग. तो वर तसाच धरून ठेवायचा आणि खाली डी चा डी फ्लॅट होतो, ए चा बी फ्लॅट होतो. चाल हललीच नाही पण तिच्या पायाखालची फरशी सरकली. आमच्या फिल्ममध्ये भाऊ गायब झाल्यावर मुलगी पाळण्याकडे बघते तिथे एवढंच आहे, दोन कॉर्ड, नऊ सेकंद.

दुसरी, डी मायनरवरून एफ शार्प मेजर. इथे डी खाली सी शार्पवर, एफ वर एफ शार्पवर, ए वर ए शार्पवर, तिघंही अर्धी अर्धी पायरी सरकतात, एकही जागेवर राहत नाही. मेजर असूनही छातीत धस्स होतं. जादूचं दार उघडतं तिथे हीच, पण आख्ख्या पिक्चरमध्ये एकदा, फार तर दोनदा.

तिसरी, डी मायनरवरून ए फ्लॅट मायनर, सप्तकाच्या बरोब्बर अर्ध्यात. एकही स्वर कॉमन नाही. ही सगळ्यांना माहीत झालीये त्यामुळे स्वस्त वाटू शकते, मी राक्षसासाठी ठेवलेली आणि शेवटी काढून टाकली.

आणि कॉर्ड खाली चिकटवून लिहू नका. मधल्या सी च्या एक सप्तक खाली गेलात की जवळजवळचे तीन स्वर एकत्र ठेवले की चिखल होतो, तिथे फक्त पाचवा (सा-प एवढं अंतर) नाहीतर सप्तक. अंधार दाखवायचाय म्हणून सगळं खाली नेलं तर अंधार दिसत नाही, काहीच दिसत नाही. मध्ये भलीमोठी रिकामी जागा सोडा, डबल बास तळाला, एक व्हायोलिन खूप वर, मधे कुणीच नाही, आड खोल वाटतो तो त्या रिकाम्या जागेमुळे.

पायरी ४: गावात कोण राहतं ते ठरवा

पूर्ण ऑर्केस्ट्रा समोर आहे म्हणून सगळ्यांना बोलवायचं नसतं. मी गाव लहान ठेवलं: आल्टो फ्लूट, कोर आंग्ले, बास क्लॅरिनेट, काँट्राबसून (म्हणजे फ्लूट, ओबो, क्लॅरिनेट, बसून यांची खालच्या आवाजाची भावंडं), हार्प, सेलेस्टा, तंतुवाद्यं म्यूट लावून, आणि एका मुलीचा आवाज. ट्रॉम्बोन आणि हॉर्न विसाव्या मिनिटापर्यंत घरीच बसवले, म्हणून आल्यावर त्यांची किंमत राहिली.

सेलेस्टा म्हणजे दिसायला छोटा पियानो, आत तारांऐवजी पोलादी पट्ट्या. १८८६ मध्ये पॅरिसच्या मुस्टेलने पेटंट घेतलं आणि १८९२ मध्ये चायकोवस्कीने बॅलेमधल्या परीला तो दिला, तेव्हापासून परी म्हटलं की सेलेस्टा हे समीकरणच झालं. म्हणून तर तो जपून. लिहिल्यापेक्षा एक सप्तक वर वाजतो हे पण लक्षात ठेवा. मी चाल सेलेस्टाला दिली पण प्रत्येक तिसरा स्वर त्याच्याकडून काढून हार्पच्या हार्मोनिकला (तारेला नुसता हात टेकवून काढलेला वरचा स्वर) दिला, म्हणजे चाल एकाच खेळण्याची न वाटता कुणीतरी दुसरं मधे मधे हात घालतंय अशी वाटते. हार्पला सात पेडल असतात आणि प्रत्येक पेडल त्या नावाचे सगळे स्वर बदलतं, त्यामुळे भराभर कोमल-शुद्ध बदल लिहून वादकाला पाय नाचवायला लावू नका, सॅम्पलमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरमधल्या रेकॉर्डेड स्वरांत, चालतं, खऱ्यात नाही.

तंतुवाद्यं म्हणजे या कामातली सोन्याची खाण, फक्त गज कुठे फिरतो त्यावर चार वेगळी जगं मिळतात. बोटं ठेवायच्या पट्टीवर फिरवला की आवाज राखेसारखा, श्वास जास्त आणि स्वर कमी. तारांखालच्या घोडीला खेटून फिरवला की काचेसारखा, दात शिवशिवतात. बोट नुसतं टेकवून हार्मोनिक काढला की शिट्टीसारखा थंड. गजाच्या लाकडाने आपटलं की हाडं वाजल्यासारखं, पण त्यासाठी चांगला गज कुणी काढत नाही, वादक घरून जुना आणतात, तसं आधी कळवावं लागतं. हे चारही एकाच स्वरावर, एकामागून एक, कॉर्ड न बदलता वापरून बघा, तीस सेकंदांचा क्यू फक्त एवढ्यावर उभा राहतो. आणि दुःखासाठी चेलोला वर चढवा, व्हायोलिनच्या उंचीवर. तेच स्वर व्हायोलिनला सहज जातात, चेलोला ताणावे लागतात, आणि तो ताण ऐकू येतो.

आता आपल्याकडचे आवाज. नाशकात वाइनच्या ग्लासांना तोटा नाही, आम्ही सात ग्लास पाणी भरून सुरात लावले, ओल्या बोटाने कडा घासल्या आणि रेकॉर्ड केलं, पाणी वाढवलं की स्वर उतरतो. याच तत्त्वावर बेंजामिन फ्रँकलिनने १७६१ मध्ये एक पूर्ण वाद्य बनवलं होतं, त्यामुळे ही काही आमची आयडिया नाही. जातं पण रेकॉर्ड केलं, रिकामं फिरवून, आणि निम्म्या वेगाने लावलं. निम्मा वेग म्हणजे एक सप्तक खाली. तो घरघराट काँट्राबसूनच्या खाली ठेवला की काँट्राबसून दुप्पट मोठा वाटतो.

नाशिक ढोलाबद्दल मात्र सांगतो, मोह आवरा. डायरेक्टर म्हणाला आपल्या मातीतला ढोल पाहिजेच भो. लावला. राक्षसाची एन्ट्री झाली आणि ट्रायलला बसलेल्या पोरांचे खांदे हलायला लागले, एकाने तर शिट्टी मारली. शेवटी ढोलाचा सुटा एकेक ठोका ठेवला, टिपरू नाही, ताल नाही, तो पण वेग कमी करून, आणि प्रत्येक ठोक्यानंतर चार सेकंद काहीच नाही. आता कुणाला ओळखू येत नाही, पण हॉलमधली खुर्ची हलते.

पायरी ५: गणित

छोटी पायरी पण इथेच लोक अडकतात. सूत्र एवढंच: मात्रा गुणिले ६०, भागिले सेकंद, की लय मिळते. आमच्या फिल्ममध्ये मुलगी आडाच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवते तिथपासून तळाला पाय टेकतो तिथपर्यंत १८.५ सेकंद होते. चाल सात बारची, तीन तीन मात्रा, म्हणजे २१. एकवीस गुणिले साठ १२६०, भागिले १८.५, आले ६८.१. मी ६८ ठेवली, तर चाल १८.५३ सेकंदांना संपते, म्हणजे तीन शतांश सेकंद उशिरा, आणि २४ फ्रेममध्ये एक फ्रेमच जवळपास चार शतांशाची असते. कुणाच्या बापाला कळत नाही.

सगळंच असं ठोक्यावर बसवू नका पण. प्रत्येक पावलाला, प्रत्येक वळण्याला म्युझिक चिकटलं की कार्टून होतं. एका क्यूमध्ये एक जागा पक्की धरा, फार तर दोन, बाकी वाहू द्या. आणि दचकवायच्या जागी उलट करा, दोन सेकंद आधी म्युझिक काढून घ्या. लोक म्युझिक ऐकत नसतात पण ते गेलं की मान वर करतात.

पायरी ६: कॉम्प्युटरवर खरं वाटेल असं

सॉफ्टवेअर कुठलंही चालेल. रीपर ६० दिवस फुकट वापरून बघता येतं, नोटेशनला म्युझस्कोअर फुकट आहे आणि त्याचे म्यूझ साउंड्स सुरुवातीला बक्कळ, स्पिटफायरची बीबीसी सिम्फनी ऑर्केस्ट्रा डिस्कव्हर पण फुकट मिळते आणि साध्या लॅपटॉपवर पळते. सेशन ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, व्हिडिओच्या फ्रेम रेटशी जुळवून, हे पहिल्या दिवशी. मी एकदा ४४.१ वर काम करून शेवटी बदललं आणि एक पूर्ण रात्र फाइली तपासण्यात गेली.

सॅम्पल खोटे वाटतात त्याचं कारण बहुतेक वेळा सॅम्पल नसतात, आपण असतो. आपण कीबोर्डवाले दोन्ही हातांनी कॉर्ड दाबतो आणि स्ट्रिंग्जच्या एका पॅचमध्ये सोडतो, तो हार्मोनियम होतो. प्रत्येक ओळ वेगळ्या ट्रॅकवर, वेगळी वाजवून घ्या, पहिलं व्हायोलिन, दुसरं, व्हायोला, चेलो, बास, आणि प्रत्येकाला गाऊन बघा, गाता आली नाही तर ओळ वाईट आहे. कंट्रोलर एक आणि अकरा, म्हणजे मॉड्युलेशन आणि एक्स्प्रेशन, ज्यांनी स्वराचा चढउतार होतो, हे माउसने काढू नका, हाताने सरकवून रेकॉर्ड करा. एक सेकंदापेक्षा लांब असलेला एकही स्वर सपाट राहता कामा नये, वाढला पाहिजे किंवा विरला पाहिजे. फुंकीच्या वाद्यांना श्वासाची जागा द्या, तुम्ही स्वतः श्वास घेऊन मोजा. लेगॅटो (स्वर जोडून वाजवणारे) सॅम्पल थोडे उशिरा बोलतात, तेव्हा तो ट्रॅक थोडा आधी ओढून घ्यावा लागतो, किती ते प्रत्येक लायब्ररीचं वेगळं, कानाने.

रिव्हर्ब, म्हणजे खोलीचा घुमारा, सगळ्यांना एकच, एकाच खोलीतला. पुढे तंतुवाद्यं, मागे लाकडी फुंकवाद्यं, त्यामागे पितळी, म्हणजे मागच्यांना रिव्हर्ब थोडा जास्त. आडासाठी वेगळा लांब रिव्हर्ब मी फक्त मुलीच्या आवाजाला दिला, बाकी कुणाला नाही.

पायरी ७: एक तरी माणूस खरा

पैसे असतील तर प्राग, बुडापेस्टला ऑनलाइन बसून पूर्ण सेक्शन रेकॉर्ड करता येतो, आपल्याकडे चेन्नईत पण स्ट्रिंग सेक्शनची जुनी परंपरा आहे. नसतील तर सगळा सॅम्पलवर ठेवा पण सगळ्यात वरची ओळ खऱ्या वादकाकडून करून घ्या. एक व्हायोलिनवाला बोलवा, तीच ओळ पाच-सहा वेळा वाजवून घ्या, दर वेळी खुर्ची आणि माइकची जागा थोडी बदला, आणि ते सॅम्पलच्या वर मंद ठेवा. माइक व्हायोलिनच्या वर साधारण एक मीटर, तोंडाशी नाही. आम्ही पहाटे दोन ते चार रेकॉर्ड केलं कारण दिवसा रस्त्याच्या कामाचा ब्रेकर चालू असायचा, आणि चारनंतर शेजारचे काका सायकल काढून जॉगिंग ट्रॅकला निघायचे, त्यांची साखळी दोन टेकमध्ये आहे.

आपल्याकडचे अनेक उत्तम वादक स्टाफ नोटेशन वाचत नाहीत, सरगम लिहून द्या, क्लिक कानात द्या, आणि स्पष्ट सांगा की मींड नको, गमक नको, सरळ. हे बोलायला अवघड जातं कारण ते ज्यात उस्ताद आहेत तेच तुम्ही नको म्हणताय. मी त्यांना एक टेक मनाप्रमाणे वाजवायला देतो. एंड क्रेडिट्सला त्यातलाच एक वापरलाय.

आता माझी फजिती. याच्या आधीच्या एका कामात परदेशातला सेक्शन तासाच्या भाड्याने घेतला होता, मी इकडे लॅपटॉपसमोर, ते तिकडे. माझ्या सेशनमध्ये क्यूच्या आधी दोन बार क्लिकचे होते, आणि नोटेशन मी पहिल्या बारपासून छापलं होतं. मी म्हणतोय बार ३१ परत घ्या, ते वाजवतायत माझ्या हिशोबाचा ३३. घोळ कळेपर्यंत वीस मिनिटं गेली, तासाचे पैसे चालूच. तेव्हा नोटेशनचा बार नंबर आणि सेशनचा बार नंबर एकच ठेवा. तसंच कोर आंग्ले लिहिल्यापेक्षा पाचवा खाली वाजतं, त्याचा पार्ट छापताना ट्रान्सपोज झालाय का ते प्रत्यक्ष उघडून बघा, बटण दाबलं म्हणजे झालं असं नाही.

पायरी ८: द्यायचं कसं

एकच स्टिरिओ फाइल देऊ नका. स्टेम द्या: तंतुवाद्यं, लाकडी, पितळी, हार्प-सेलेस्टा, ठोक्याची वाद्यं, आवाज, आणि ग्लास-जातं वगैरे वेगळं. सगळ्या फाइली एकाच टाइमकोडवरून सुरू, पिक्चरच्या पहिल्या फ्रेमच्या दोन सेकंद आधी एक फ्रेमचा बीप, म्हणजे जुळवायला भांडण नाही. नावात क्यू नंबर, स्टेम आणि व्हर्जन, "फायनल फायनल नवीन" नाही.

म्युझिक दाबून मोठं करू नका, ते मिक्स करणाऱ्याचं काम. नेटफ्लिक्ससारख्या ठिकाणी तर डायलॉगवर मोजून उणे २७ एलकेएफएसच्या (लाउडनेसचं एकक) आसपास लाउडनेस मागतात, तुम्ही भिंत बांधून दिली तर ती तो खालीच ओढणार. संवाद असेल तिथे एक ते चार किलोहर्ट्झमधली वाद्यं आधीच लिहिताना कमी करा, ओबो आणि आजीचा आवाज एकाच वेळी आला तर ओबो हरतो, हरलाच पाहिजे. आमच्या आडाच्या तळाच्या सीनला मित्राने मिक्समध्ये फक्त आवाजाचा स्टेम ठेवला आणि बाकी सगळं बंद केलं. माझे अकरा दिवस गेले त्यात. बघितलं तर बरोबर होतं.

राहिला कागद. करार न वाचता सही करू नका, २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीनंतर थिएटर सोडून इतर वापरांच्या रॉयल्टीतला संगीतकाराचा वाटा असा लिहून काढून घेता येत नाही. आयपीआरएस ही गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी १९६९ पासूनची संस्था, तिथे मेंबर व्हा. आणि क्यू शीट, म्हणजे कुठला क्यू, किती सेकंद, कुणाचा, हे मिक्सच्याच आठवड्यात भरून टाका. मी सहा महिन्यांनी भरायला बसलो तेव्हा २एम४ आणि २एम५ मधला फरक मलाच सांगता येईना, दोन्हीत तेच तीन स्वर.